सोनेरी पट्ट्याची माशी

एका माशीचं नाव ठेवण्यावरून माणसं किती खाली उतरू शकतात, ते बीडच्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पाहायला मिळालं. उतरणाऱ्यांत यशोधराही होती. ती सगळ्यांत शेवटी उतरली, म्हणून तिला सूट द्यायचं काही कारण नाही.

यशोधरा पीएच.डी. करत होती. तिचा विषय होता मधमाशीसारख्या दिसणाऱ्या केसाळ माश्या. या माशीला पुढे लांब सोंड असते, अंगभर मऊ केस असतात, आणि अंगात एक नंबरचा लबाडपणा असतो. काही मधमाश्या पोळं न करता जमिनीत भोक पाडून त्यात पोरं वाढवतात. ही माशी त्या भोकावर अधांतरी थांबते आणि वरच्या वर आत अंडी फेकते. तिची अळी आत गुपचूप बसून राहते आणि मधमाशीचं पोर खाऊनपिऊन गुबगुबीत झालं की त्याला खाते.

मांजरसुंब्याच्या माळावर पोरीनं एकटीनं फिरू नये म्हणून तिची आई सरूबाई बरोबर जायची. सरूबाई शाळेत खिचडी शिजवायची. सुटीच्या दिवशी डोक्याला पदर गुंडाळून लेकीची जाळी आणि डबे सांभाळायची. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती बांधावर बसल्या बसल्या ओरडली, "यशे, पळ! ही माशी बघ कशी भोकात खडे मारतीय!"

त्या दिवशी तीन माश्या मिळाल्या. दोघींचे केस जाळीत घासून गेले, एक मात्र धडधाकट राहिली. करडी, पोटावर काळपट, आणि पंखाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. यशोधरानं पंधरा दिवस मिळतील तेवढी वर्णनं उलटीपालटी केली. तो ठिपका कुठल्याच माशीशी जुळेना. शेवटी तिची खात्री पटली की ही माशी नवी आहे आणि हिला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

"आई, हिला तुझं नाव देणार हाय मी."

"माशीला? आगं, लोकं हासतील की!" सरूबाई म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी खिचडीच्या पातेल्याभोवतीच्या झाडून सगळ्या बायकांना तिनं सांगून टाकलं. नुकतीच ती साक्षरता वर्गात अक्षरं जुळवायला शिकली होती. आपलं नाव पुस्तकात छापून आलं की स्वतः वाचायचं, असं तिनं मनाशी धरलं.

दसऱ्याच्या आधी यशोधराच्या गाईडनं, म्हणजे विजयसिंह सरांनी, माश्यांची पेटी मागून घेतली. "बघू तरी काय सापडलंय," म्हणाले. पेटी त्यांच्या टेबलावर ठेवून मायलेकी नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. इकडे खंडेनवमीला विभागातल्या सूक्ष्मदर्शकांची, चिमट्यांची, बरण्यांची पूजा झाली. ती दरवर्षी शिपाई बजरंगच करायचा. अकरा वर्षं रोजंदारीवर होता, कायम होण्याची वाट पाहत होता, आणि पूजेत मात्र कधी हयगय करायचा नाही.

यशोधरा परत आल्यावर त्यानंच कौतुकानं सांगितलं, "ताई, तुमची माशीबी पुजली बरं का. तुमचं हत्यार तीच हाय न्हवं? कुकू पेटीला लावलं, अन् सगळ्यात चांगली व्हती तिला चिमूटभर हळद."

 यशोधरा धावतच सरांच्या खोलीत गेली. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. त्या डोळ्यात मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया करून घ्या म्हटलं की ते चिडायचे. समोरच्या कागदावर लिहून झालं होतं: 'पोटाच्या तिसऱ्या खंडावर झळाळता सोनेरी पट्टा. हेच या जातीचं मुख्य लक्षण.'

"सर, त्या पट्ट्याचं जरा..."

"तुला दिसला नव्हता ना? बाकीच्या दोघींचा घासून गेलाय. नजर लागते त्याला." सर खुर्चीत रेलले. "जानेवारीत साहेबांचा अमृतमहोत्सव आहे. गौरव अंकात हीच टाकू. नाव मोहनरावांचं."

मोहनराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. आयुष्यात त्यांनी माशी पाहिली असेल ती जेवणाच्या ताटावर, आणि तीही दुसऱ्या कुणीतरी हाकलली असेल.

"सर, मी आईचं नाव ठरवलंय. माशी तिनंच पहिल्यांदा बघितली."

"काय करते तुझी आई?"

"शाळेत खिचडी शिजवते."

सर खो खो हसले. दारातल्या कारकुनाला त्यांनी मुद्दाम आत बोलावलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. तोही हसला. मग सर म्हणाले, "एका खिचडीवालीचं नाव जगभर? अगं, तुला इथं बसायला खुर्ची मिळाली, हेच खूप झालं. तुमच्या लोकांना एक दिलं की दुसरं लगेच लागतं."

"आणि लेखावर माझं नाव?"

"आभारात टाकू. पट्ट्याचं काय म्हणत होतीस?"

यशोधराचे कान तापले होते. तिनं त्या पिवळ्या भुकटीकडे पाहिलं, सरांच्या दुधाळ डोळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काही नाही सर. छान दिसतोय पट्टा."

हे बोलताना तिला बरं वाटलं. अगदी थंड पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं.

हळद लागायच्या आधीचे फोटो तिच्या मोबाईलमध्ये होते. ठिपक्याचं चित्र काढलेला, सरूबाईचं नाव घातलेला तिचा स्वतःचा लेख लॅपटॉपवर तयार होता. बाहेरच्या एखाद्या नियतकालिकाकडे तो एकटीनं पाठवला असता, तर सर चवताळले असते, पीएच.डी. लांबली असती, पण नाव आधी लागलं असतं. तिनं पाठवला नाही. तिला नावाआधी सरांची फजिती पाहायची होती. खोटं वर्णन छापून येऊ दे, मग सगळ्यांदेखत ते खोटं पडेल, त्याबरोबर मोहनरावांचं नावही पडेल, आणि रिकाम्या जागी आपण आईचं नाव ठेवू, असा तिचा हिशेब होता. नावं ठेवण्याच्या नियमांचं जाडजूड पुस्तक तिच्याच टेबलावर होतं. ते तिनं अर्धंच वाचलं होतं.

जानेवारीत मांडव उभा राहिला. व्यासपीठामागे बैलाएवढी माशी छापली होती, तिच्या पोटावर पिवळाधमक पट्टा. "साहेबांच्या कर्तृत्वाला निसर्गानंच सोन्याचा कमरपट्टा बांधला," असं सर माइकवरून म्हणाले. मोहनरावांनी शेजारच्याला विचारलं, "चावती का बे ही?" टाळ्या पडल्या. यशोधरानंही वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात.

रिवाजाप्रमाणे मूळ नमुना कोलकात्याच्या संग्रहालयात गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाला पट्ट्याचा संशय आला. त्यानं माशी अल्कोहोलनं हलकेच धुतली आणि पट्टा बशीत उतरला. एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं. सरांनी ते विभागात सगळ्यांसमोर उघडलं, पहिल्या चार ओळी मनात वाचल्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. यशोधरा या क्षणासाठी सहा महिने थांबली होती. ती पुढे सरकून उभी राहिली.

पण पत्र तिथं संपत नव्हतं. सर पुढचं मोठ्यानं वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. पट्टा ही बाहेरची भुकटी आहे. मात्र पंखावरचा ठिपका आजवर कुठल्याच जातीत नोंदलेला नाही, तेव्हा जात निःसंशय नवी. वर्णनातली चूक दुरुस्त करता येते. नाव नमुन्याला चिकटलेलं असतं आणि जो आधी छापतो त्याचं नाव कायम राहतं.

"कायम!" सर ओरडले. "ऐकलं का? कोलकात्याचं शिक्कामोर्तब!" त्यांनी लगेच पेढे मागवले. मग आठवल्यासारखं करून बजरंगला बोलावलं. ही भुकटी कसली, असं विचारल्यावर बजरंगनं भाबडेपणानं हळदीचं सांगितलं. सरांनी त्याला तिथल्या तिथं, पेढ्याचा घास तोंडात असताना, उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तो पिशवीत डबा आणि चपला कोंबून यशोधराजवळ आला. "ताई, तुमाला तर मी तवाच सांगितलं व्हतं. तुमी सायबाला कावून न्हाई सांगितलं? पुसून टाकली असती की मी."

 यशोधरानं हातातला पेढा त्याच्यापुढे केला. त्यानं तो घेतला नाही. तो गेल्यावर तिनं स्वतःच तो खाल्ला, आणि आपली तिला इतकी किळस आली की बेसिनवर जाऊन उलटी केली.

आईला तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. "छापतायत अजून," एवढंच म्हणत राहिली. सरूबाईही बायकांना तेच सांगत राहिली.

सप्टेंबरात मायलेकी पुन्हा माळावर गेल्या. दुपारच्या उन्हात सरूबाईनंच आधी पाहिली. "ती बघ, आली माझी माशी!" यशोधरानं जाळी मारली. माशी बाटलीत गेली, दोन-तीनदा काचेवर आपटली आणि निपचित पडली. यशोधरानं चिठ्ठीवर इंग्रजीत ठिकाण, तारीख आणि नाव लिहिलं.

सरूबाई जवळ येऊन बसली. "लिव्हलं का माझं नाव?"

यशोधरानं बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"खाली मराठीतबी लिव्ह की. मला वाचाय यिल."

खोटं लिहिणं सोपं होतं. आईशिवाय ती चिठ्ठी कुणी पाहणार नव्हतं. पण गप्प बसून काय होतं ते यशोधरानं वर्षभर पाहिलं होतं, आणि खोट्याचा तिला वीट आला होता. तिनं मराठीत लिहिलं आणि चिठ्ठी आईच्या हातात दिली.

सरूबाईनं ती डोळ्यांजवळ धरली आणि बोट ठेवत एकेक अक्षर जुळवलं. "मो... ह... न..." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चिठ्ठीची दुसरी बाजू उलटून पाहिली, तिकडं कोरं होतं.

"तुज्या कालिजाच्या पाटीवरलं आध्यक्षाचं नाव हाय हे," ती म्हणाली. "त्यांनी कवा बघितली गं ही?"

"त्यांनी न्हाई बघितली. मीच दिली त्यांला."

सरूबाईनं चिठ्ठीची नीट घडी घातली, लेकीच्या डब्यात ठेवली आणि डोक्याचा पदर सोडून उठली. जाळी तिनं तिथंच ठेवली. ती रस्त्याकडे चालायला लागली, आणि यशोधरानं दोनदा हाक मारली तरी तिनं मागं वळून पाहिलं नाही.