शय्यादानातला बास

माझा धाकटा भाऊ निरंजन गेला तेव्हा माझी मुलगी पाच दिवसांची होती. मला सांगितलं ती एकोणीस दिवसांची झाल्यावर. बाळंतिणीला धक्का बसला की दूध आटतं, म्हणून भुसावळला सासरी आणि बुऱ्हानपूरला माहेरी सगळ्यांनी मिळून ठरवलं, तृप्तीला कळू द्यायचं नाही. मी रोज विचारायची, मामा भाचीला बघायला कधी येणार. आई फोनवर म्हणायची, "इंदूरला प्रोग्राम आहे गं त्याचा, तिकडंच अटकलाय." मी त्याला बाळाचे फोटो पाठवत राहिले. प्रत्येक फोटोखाली एकच टिक. मला वाटलं, रेंज नसेल. त्याची मोटरसायकल आणि मोबाइल दोन्ही घाटात एकाच वेळी संपले होते.

सव्वा महिन्यानं माहेरी आले आणि थेट त्याच्या खोलीत गेले. कॉट नव्हती. कॉटच्या उशाशी उभा असायचा तो डबल बासही नव्हता. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या आकाराचं ते वाद्य त्यानं महूच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून आणलं होतं.

"शय्यादानात दिला," आई म्हणाली. "इथल्याच लालबागच्या मधुकर गुरुजींना."

"शय्यादानात कॉट देतात आई. गादी, छत्री, चपला."

"ते तर दिलंच. पण गादीशिवाय तो झोपला असता. बासशिवाय झोपला असता का?"

"मला एकदा विचारायचं तरी."

"तुला कसं विचारणार होते?"

मी म्हटलं, की मी तो परत आणणार आहे. आई बाळाची लंगोटं घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "आण. मग तो तिथं काय वाजवेल तेवढं सांग."

माझ्याकडं त्याची रेकॉर्डिंग आहेत. पण मोबाइलमधून बासची नुसती टकटक येते. खालचा घुमारा, जो पोटात लागायचा, तो येतच नाही. आणि मला तोच हवा होता.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले होते तेव्हा त्यानं मला समोर बसवून सगळं समजावलं होतं. रॉकाबिली म्हणतात याला, ताई.

"म्हणजे काय?"

"रॉक आणि हिलबिली. हिलबिली म्हणजे डोंगराकडचे गावंढळ लोक."

"म्हणजे आपल्याकडचे डोईफोडिया गावचे लोक."

"हास तू. पण तसंच समज." त्यानं बास खांद्याला टेकवला. अमेरिकेच्या दक्षिणेला, सत्तर वर्षांपूर्वी, तो सांगत होता, एकीकडं डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांची गाणी, दुसरीकडं कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकांचं ब्लूज, आणि चर्चमधलं टाळ्या वाजवत गाणं. गोऱ्या-काळ्यांना एका बाकावर बसायची परवानगी नव्हती. पण रेडिओ कोणाच्याही घरात शिरायचा. गरिबांच्या पोरांनी दोन्ही ऐकलं आणि दोन्ही मिसळून वेगात पळवलं.

"ढोलकी कुठाय?"

"बऱ्याच जणांकडं ढोलवालाच नव्हता ना. म्हणून हेच." त्यानं जाड तार बोटानं ओढून सोडली. ती लाकडावर आपटली, लगेच त्यानं तळहाताची थाप दिली. एकाच हातातून सूरही निघाला आणि ठेकाही. "वरून एक गिटार, गाणाऱ्याच्या आवाजाला थोडा पडसाद. आणि गाणारा मधेच उचकी लागल्यासारखा आवाज तोडतो."

"कोणी आठवण काढत असेल त्याची."

"असेलच. हे सगळं कोणाच्या तरी आठवणीतच गातात."

लग्नात असलं कोणाला हवं नसायचं. इंदूरला दोन मित्रांबरोबर हॉटेलांत वाजवायचा, वीस माणसं ऐकायची, त्यातली पंधरा जेवत असायची. तो खूश होता.

आईशी बोलणं झालं त्याच दुपारी मुलीला पाजलं, कुशीत बांधलं आणि लालबागला गेले. पुढच्या पाजण्यापर्यंत दोन तास होते.

गुरुजींच्या ओसरीत कॉट होती, तिच्याशेजारी साडी पांघरलेला बास. गुरुजींच्या बायकोनं, चारुलता काकूंनी, मुलीला माझ्याकडून घेतलं.

"साडी मीच घातली," त्या म्हणाल्या. "जो येतो तो विचारतो, काकू, ही कोणती देवी बसवली? कुरिअरवाला तर हात जोडून गेला."

गुरुजी बाहेर आले. मी का आले ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"घेऊन जा बेटा," ते म्हणाले. "तुझ्या आईनं संकल्प सोडताना वस्तूचं नाव सांगितलं, ते मला म्हणता येईना. आयुष्यात पहिल्यांदा संकल्पात अडकलो मी. मला काय वाजवता येतं हे? मी तुला देतो, आत्ता. तुझा झाला."

काकूंनी बासवरची साडी काढली. गळ्यापाशी लाकूड काळपट पडलं होतं, निरंजनचा हात फिरून फिरून. मी त्याच्यासारखी उभी राहिले. तार ओढली, सोडली. घुमारा आला. तोच. छातीच्या खाली, बरोबर त्याच जागी. मी थाप द्यायला गेले तर उशीर झाला. पुन्हा केलं. पुन्हा उशीर. सूर सगळा होता, ठेका कुठंच नव्हता. दहा-बारा वेळा केलं. बोटाला फोड आला. मग हात तारांवर ठेवून त्यांना गप्प केलं.

घरी नेला तर त्या रिकाम्या खोलीत उभा राहील, आणि मी येता-जाता तार ओढेन. आई आत बसून ऐकेल. त्याच्यापासून काढून घेतला असं तिला रोज वाटेल.

"गुरुजी, माझा झाला ना हा?"

"झाला."

"मग मला तो द्यायचाय. निरंजनला. तेव्हा मी नव्हते."

दान एकदा झालेलं, पुन्हा कसं करणार, असं काहीतरी गुरुजी म्हणतील असं वाटलं. त्यांनी काकूंना पळी-पंचपात्री आणायला सांगितलं. नाव, गोत्र विचारलं नाही. वस्तूचं नाव आलं तेव्हा थांबले.

"डबल बास," मी सांगितलं.

"डबल बास," ते म्हणाले, आणि पुढचं म्हणून तळहात पुढं केला. मी त्यावर पाणी सोडलं. बोटाचा फोड फुटला होता, पाणी चुरचुरलं.

"झालं बेटा."

"थोडं थांबा गुरुजी, त्याला घेऊ दे," मी म्हटलं.

ते ओला हात तसाच पुढं धरून बसून राहिले.