एकच की वेगळं

"बाटलीला निळा दोरा होता म्हणे," फोन पार नाकाशी धरून मोंगिया कुरकुरली. "मी उभ्या जन्मात निळा दोरा बांधला नाही. वर हा गिऱ्हाईक आणखी लिहितो, बाईंनी पत्र्याच्या डब्यात जास्तीची फुलं पाठवली, आभारी आहे. कुठल्या बाईंनी?"

तिची लेक ओल्फा शेजारी बसून फुलांतल्या काड्या वेचत होती. निळा दोरा कोण बांधतं ते तिला ठाऊक होतं. मोंगियालाही होतं. पण मोंगियाच्या धाकट्या बहिणीचं, बेयाचं, नाव या घरात चार वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. अगदीच अडलं तर 'ती'.

नाबूल गावात कडू नारिंगं फुलली की घरोघरी फुलांचा अर्क काढायच्या भट्ट्या लागतात. मोंगियाकडे आईची तांब्याची भट्टी होती. तिच्यातलं फुलांचं पाणी ती तीन वर्षं ऑनलाइन बाजारात विकत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला बेयाही तेच करत होती. आणि गेल्या पंधरवड्यात त्या बाजाराने दोघींची पानं जोडून एक करून टाकली होती. आता एकाच फोटोखाली दोघींच्या बाटल्या, एकीचं कौतुक दुसरीला, एकीची बोलणी दुसरीला.

"तुझंच ऑफिस ना ते? तोड म्हणावं."

"दोघींनी मिळून अर्ज करायचा असतो, आई. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढायचा, आणि फरक काय ते लिहायचं."

"हा शहाणपणा कुणाचा?"

"कंपनीचा," ओल्फा म्हणाली. ते खरंच होतं. पण पुढचं तिने गिळलं.

राजधानीत, ट्यूनिसला, ओल्फाचं कामच ते होतं. एकच वस्तू दहा दुकानदार दहा नावांनी मांडतात. मशीन फोटो ताडून बघतं, नावं, वर्णनं, लोकांचे शेरे ताडून बघतं, आणि सारख्या वस्तू एका पानावर आणतं. जिथे मशीनची खात्री होत नाही, तिथे ती जोडी माणसापुढे येते. खाली दोन बटणं, एकच किंवा वेगळं. दिवसाला अशा तीनशे जोड्या. त्यात एका मंगळवारी ही जोडी आली. एका फोटोत तांब्याची भट्टी, दुसऱ्यात स्टीलची. मशीनने धातूकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. वाफ सुटू नये म्हणून झाकणाच्या सांध्यावर कणकेची पट्टी थापतात, त्या पट्टीभोवती त्याने चौकट काढली होती. दोन्हीकडे तीच तिरपी चिमटी, वेणी घातल्यासारखी. घरच्यांचा माल समोर आला तर शेजारच्या टेबलावर सरकवायचा, असा नियम होता. ओल्फाने बराच वेळ पाहिलं आणि 'एकच' दाबलं.

शनिवारी सकाळी अर्जापुरती बेया आली. टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली काखेत, आणि टेकली ती गादीच्या अगदी काठावर.

"कॉफी?" मोंगियाने विचारलं, भिंतीला विचारावं तसं.

"नको. फुलं आणून टाकलीत, ढिगात तापतील. लवकर आटपा."

फोटो निघाला. ओल्फा फोनवर अर्ज भरू लागली. "फरक. पहिला मुद्दा सांगा."

"माझं आईच्या भट्टीतलं," मोंगिया म्हणाली.

"माझं विकतच्या भट्टीतलं. आईची भट्टी ती गेल्यावर तिसऱ्या दिवशीच हलली ना घरातून."

"फुलं कुठली?" ओल्फाने घाईने विचारलं.

"विहिरीपलीकडच्या बागेतली."

"माझीही तिथलीच," बेया म्हणाली. "बागवाला म्हातारा मला म्हणतो, तुझी बहीण घासाघीस फार करते."

"मला म्हणतो, तू करतेस."

ओल्फाने मान वर केली नाही. मोंगियाने फोन ओढून घेतला, बेयाच्या भट्टीचा फोटो बोटांनी मोठा केला. "चिमटी अशी तिरपी का घेतेस?"

"अशीच घेतात."

"कुणी घेत नाही. आई घ्यायची."

फरकाचा रकाना रिकामाच होता.

"मशीनने मला विचारलं होतं," ओल्फा म्हणाली. "एकच म्हणून मी दाबलं. मुद्दाम."

"तू? आणि तुला पगार कशाचा देतात?" मोंगियाने विचारलं.

"हेच बघायचा."

मोंगिया उठली. कोपऱ्यातल्या भट्टीवरचं फडकं काढून तिने ती फरशीवरून ओढत बहिणीपुढे आणून ठेवली. "घेऊन जा. एका भांड्यापायी चार वर्षं रुसलीस. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाचं खरोखरच तसं ठरलं होतं. रुसवा भट्टीवरून. तेवढं म्हटलं की पुढचं बोलावं लागत नसे. आजी जायच्या आधीची वर्षं मोंगिया नवऱ्याच्या नोकरीपायी दूर स्फाक्सला, आणि आजीची उस्तवार एकट्या बेयाकडे. आजी बेयाला कुठल्या नावाने हाक मारते ते आजीच्या घरी एका ईदला ओल्फाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मामांनी ऐकलं होतं, शेजारणीने ऐकलं होतं. सगळ्यांनी माना खाली घालून जेवण संपवलं होतं.

बेयाने तांब्यावरून हात फिरवला.

"भट्टीवरून नाही गं, ताई. शेवटची तीन वर्षं आई मला मोंगिया म्हणायची. न्हाऊ घालताना, घास भरवताना. आधी मी सांगायचे, मी बेया. मग रडायची, मोंगिया कुठे म्हणून. म्हणून मी ओ द्यायला लागले. ती गेली तेव्हा तिच्या लेखी तूच होतीस उशाशी. मी नव्हतेच."