उरलेले अडतीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. टेबलावर बसते आणि डोक्यावरची कळ दाबली की वाजते. माझी हकिगत सांगायला घेतली आहे खरी, पण एक अडचण आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्ये तोडली, त्यामुळे माझे स्वतःचे वाक्यही मध्येच

टण्.

असे होते. सांभाळून घ्या.

पाणीगेटजवळच्या एका भांडीवाल्याने फुटका पितळी तांब्या वितळवून मला ओतले. आत जुन्या घड्याळाची स्प्रिंग बसवली. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाने मला वादविवाद स्पर्धेसाठी विकत घेतले. चौथ्या मिनिटाला मी एकदा वाजायचे, म्हणजे आता आवरा. पाचव्या मिनिटाला दोनदा, म्हणजे बसा. त्यानंतर बोललेला शब्द परीक्षकांनी ऐकायचा नाही, असा मंडळाचा नियम.

माझ्यावर हात असायचा जयसिंगरावांचा. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला एक सेकंद जास्त दिला नाही की कमी दिला नाही. एकदा त्यांची स्वतःची मुलगी चारुलता बोलत होती. पाच मिनिटे झाली, तिचे ‘म्हणून’ अर्धे तोंडात होते, आणि त्यांनी मला दोनदा दाबले. तिने घरी दोन दिवस अबोला धरला. सभागृहाने मात्र टाळ्या वाजवल्या. दर स्पर्धेआधी जयसिंगराव मला चिंचेने घासायचे. मी झळकायचे. मला वाटायचे, नेमकेपणा म्हणजेच न्याय, आणि तो माझ्याशिवाय

टण्.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते.

सहाच स्पर्धक आले होते. विषय होता, ‘देशाने दार लावून आपल्यापुरते पाहावे, की बाहेर पडून इतरांवर सत्ता गाजवावी?’ पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठीत जी बाजू येईल तीच मांडायची.

नाव नोंदवायला देवश्री आली. अकरावीतली मुलगी, शहरातल्याच गोत्री भागात राहणारी. वडील मराठी, आई डभोईची गुजराती.

“जयसिंगकाका, माझे नाना आलेत, आईचे बाबा. डभोईहून बसने. मागे बसवू ने?”

“बसव की. टाळ्या वाजवायला तेवढाच एक हात जास्त.”

“एक नाही काका, दोन. एका हाताने कशी वाजेल?”

जयसिंगराव हसले. पांढरा सदरा घातलेले नाना शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्यांना मराठी अर्धेमुर्धे कळत होते. नात या सभागृहात उभी राहून बोलणार, तिला इथली म्हणून ऐकले जाणार, एवढ्यासाठी ते आले होते. देवश्रीलाही तेच हवे होते. बक्षिसाची ढाल मिळो न मिळो.

आधी तन्मय बोलला. देशाने आपला संसार बघावा, शेजारी भांडत असतील तर आपली खिडकी लावून घ्यावी, असे त्याचे म्हणणे. मग आशय उठला. “ज्याचे घोडे बाहेर पडत नाहीत, त्याच्या अंगणात दुसऱ्याचे घोडे बांधले जातात,” तो म्हणाला. “आपले पूर्वज बाहेर पडले नसते, तर आज हे सभागृह बडोद्यात नसतं.” टाळ्या थांबेनात. जयसिंगरावांची मानही डोलत होती. मी वाजले, पण अकरा सेकंद उशिरा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आले असेल असे मला वाटले नाही.

मग देवश्री.

“मला बाहेर पडण्याची बाजू आली आहे,” ती म्हणाली. “आशय म्हणाला ते खरंय. आपण बाहेर पडलो म्हणून इथे आहोत. पण जिथे आलो, ते कुणाचं तरी घर होतं. डभोईला माझ्या आईच्या घरी पोरं झोपेनात, तर म्हातारी माणसं सांगायची, घोडेस्वार आले, गप पड. ते घोडेस्वार माझ्या बाबांकडचे.”

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. खुर्च्या करकरल्या. चार मिनिटे झाली, मी एकदा वाजले. माझ्यावरचा हात बाजूला झाला नाही. तो जड होत गेला.

“आणि दार लावून बसणं हा त्यावरचा उपाय नाही. नुसतं आपल्यापुरतं पाहणाऱ्या देशाला शेजारचा धूर दिसत नाही, आणि एक दिवस तोच धूर त्याच्या घरात येतो. दार लावून बसणारा आणि दुसऱ्याचं दार तोडणारा, दोघांनाही एकच गोष्ट जमत नाही. ती म्हणजे

टण्. टण्.

देवश्रीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. “काका, अजून वेळ आहे.”

“विषय सोडलास,” जयसिंगराव म्हणाले. “बस खाली.”

ती बसली. मागे नानांनी टाळी वाजवायला हात उचलले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले. निकालासाठी ते थांबले नाहीत. “चाल बेटा, घेर जईए,” एवढेच म्हणाले.

सभागृह रिकामे झाल्यावर मंडळाच्या अध्यक्ष निरुपमाताई टेबलापाशी आल्या.

“जयसिंगराव, घड्याळाला चावी दिली होती ना?”

“दिली होती.”

“मग आशयला अकरा सेकंद जास्त आणि त्या पोरीला अडतीस कमी कसे पडले?”

ते रुमालाने मला पुसत राहिले. मी स्वच्छच होते.

मित्रांनो, विषय देशांचा होता. दार लावायचे की दुसऱ्यावर सत्ता गाजवायची? त्या दुपारी आम्ही दोन्ही केले. एकाच कळीवर बोट दाबून.

या वर्षी तीनच नावे आली आणि स्पर्धा झाली नाही. मी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी पडून हिरवी होत गेले. मला वाटले, आता आपला शेवट

टण्.

नाही. एका रविवारी जयसिंगरावांनी मला पिशवीत घातले आणि गोत्री गाठली. चौथा मजला. दाराला विजेची घंटा होती, पण ती दाबायला त्यांचे बोट धजले नाही. त्यांनी बोटांच्या पेरांनी दोनदा हलकेच दार वाजवले आणि दोन पावले मागे सरून उभे राहिले. बराच वेळ.

देवश्रीने दार उघडले, त्यांना बसवले, पाणी दिले. त्यांनी मला टीपॉयवर ठेवले.

“तुझे अडतीस सेकंद माझ्याकडे राहिलेत. बोल. मी हिला हात लावणार नाही.”

“आता कोण ऐकणार, काका? तुम्ही नि ही घंटा?”

“नानांना बोलावू. मी स्वतः डभोईला जातो.”

“ते नाही यायचे. मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी परत जाऊ. तर म्हणाले, बेटा, ए लोकोनुं घर छे. त्या लोकांचं घर आहे ते.”

जयसिंगरावांनी तरीही हातातल्या घड्याळात सेकंद मोजायला घेतले. ती बोलली नाही. स्वयंपाकघरात कुकरची एक शिट्टी झाली. अडतीस सेकंद संपले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, त्या दिवशी नानांचे होते तसेच.

ते उठले. दारापाशी ती म्हणाली, “काका, मघाशी तुम्ही दार वाजवलंत आणि मी उघडेपर्यंत थांबलात. माझं उरलेलं वाक्य तेवढंच होतं.”

ते मोजायला घेतले तर तीन सेकंदांचे होते. ते सभागृहाने ऐकले नाही.

मी आता पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, कधी तुमच्या हाताखाली माझ्यासारखी एखादी घंटा आली, आणि समोरच्याचे बोलणे टोचू लागले, तर आधी घड्याळ पाहा, मग आपला हात पाहा. मला चिंचेने घासले नाही तरी चालेल. पण वाक्य संपू द्या. त्या दिवशी एक म्हातारा माणूस अर्धे वाक्य घेऊन डभोईच्या बसमध्ये बसला, आणि उरलेले अर्धे त्याच्यापर्यंत अजून पोचलेले नाही.