उंबऱ्याचा दगड

"आधी बसा बघू खाली! घरमालक असे येरझाऱ्या घालत नाहीत," मी म्हणाले, तेव्हा कुठे आमचे हे खुर्चीला टेकले. जॅकचा दांडा सोडून दुसरं काही हातात धरायची सवय नसलेला माणूस. हात ठेवावेत कुठे, हेच त्यांना उमगेना. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

बाहेर आमचीच माणसं आमच्याच घराखाली जॅक लावून बसली होती.

घरं उचलणं हा आमचा धंदा. पूर्वी समुद्राचं पाणी वादळातच गल्लीत शिरायचं. आता दर उधाणाला न बोलावता येतं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसतं. त्यावर रडत बसण्यापेक्षा गल्लीनं घरं वर घ्यायचं ठरवलं. भिंतींखाली जॅक लावायचे, एका हाकेला सगळ्यांनी मिळून पाव फेरा द्यायचा, घर जरा वर आलं की खाली खांब बांधायचे. मग पाणी खालून येईल, खालून जाईल. थोरले भाऊजी बाहेरून हाक देतात, हे जॅकवर असतात आणि मी आत बसते. हसू नका, आत बसणं हेसुद्धा काम आहे. जमिनीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा, भिंतींच्या भेगांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि दोन्हींवर डोळा ठेवायचा. पेला सांडला किंवा पट्टी फाटली की ओरडायचं.

घरमालकानंही माझ्याबरोबर आत बसायचं, हा नियम ह्यांचा. आत माणूस आहे म्हटलं की जॅकवरचा हात जपून चालतो, असं ह्यांचं म्हणणं. ह्या नियमापायी गल्लीतल्या निम्म्या बायकांचा धसका मी गप्पा मारून घालवलाय. एका घरात तर घरमालकीण लसूण सोलता सोलता वर गेली, तिला कळलंसुद्धा नाही.

आमचं घर सगळ्यात शेवटी, समुद्राच्या बाजूला. आमचं आणि भाऊजींचं. मामंजींनी दोन मुलांसाठी दोन घरं बांधली, पण मधली भिंत एकच घातली. मुलं वेगळी होतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. भाऊजींनी मात्र टेकडीवर जागा घेतली. "उचलून उचलून किती उचलणार?" ते म्हणाले. "आणि पळून पळून कुठवर पळणार?" हे म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं जॅकपुरतंच उरलं. भाऊजींचं घर पाडायचं आणि त्या जागेवर खारफुटी लावायची, असं गल्लीनं ठरवलं. खारफुटी वाढली की लाटांचा जोर आधी तिच्यावर, मग आमच्यावर. भाऊजींनीच ते सुचवलं होतं. सोडून जाणाऱ्या जागेचीही त्यांना काळजी होतीच.

सासूबाईही भाऊजींबरोबर जाणार होत्या. भांडण नव्हतं, गुडघे होते. आमच्या घराला आता जिना लागणार आणि टेकडीवरचं घर जमिनीला लागून. "माझ्या गुडघ्यांना विचारा, मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. मी हसले आणि मोरीत जाऊन रडले. एवढी वर्षं एका चुलीवर काढल्यावर तेवढं चालतंच.

मधली भिंत दोघा भावांनी वरून खालपर्यंत कापली, एकानं इकडून, एकानं तिकडून. आमच्या वाट्याला निम्म्या जाडीची भिंत आली. ह्यांनी तिला आतून लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला होता, पण खरी भीती तिचीच होती. ती ढासळली तर डोक्यावर छप्पर उरणार नव्हतं, आणि टेकडीवर आमची जागा नव्हती.

म्हणूनच आज नियम मोडून स्वतःच हाक द्यायची, असं ह्यांनी मनात योजलं होतं. सकाळी बघतात तर भाऊजी अंगणात उभे. जाऊबाई सामान घेऊन आदल्याच दिवशी गेल्या होत्या. त्यांच्या दाराच्या उंबऱ्याचा दगड तेवढा मागे राहिला होता. मामंजींनी तो स्वतः घडवलेला. "तो नीट काढून आणा, नव्या दाराला लावायचाय," असं जाऊबाईंनी भाऊजींना दहादा बजावलं होतं.

"आत जाऊन बस," भाऊजी ह्यांना म्हणाले. "घरमालक आत बसतो. नियम तुझाच आहे ना?"

"हं... घ्या!" बाहेरून हाक आली. पायाखाली बारीक करकर झाली. पेला हलला नाही. पुन्हा हाक, पुन्हा पाव फेरा. खिडकीतून समोरच्यांची कुंपणाची भिंत खाली जाताना दिसू लागली. मला जरा तोरा चढला.

तेवढ्यात कापलेल्या भिंतीवरची पट्टी मधोमध फाटली. पेल्याच्या एका कडेनं पाण्याचा ओघळ आला.

"थांबाऽऽ!" मी ओरडले.

सगळं जागच्या जागी थांबलं. हे ताडकन उठले आणि दाराकडे धावले.

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या.

"अगं आई, भिंत जाईल!"

"तो आहे ना बाहेर. बस."

हे बसले. मी खिडकीतून वाकून पाहिलं. कापलेल्या भिंतीचा जॅक भाऊजींच्या रिकाम्या घरात होता. उधाणाच्या पाण्यानं तिथली जमीन मऊ झाली होती आणि जॅकखालच्या फळ्या तिच्यात रुतत होत्या. नवीन फळी घातली, तीही रुतली. भाऊजींनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग पहार घेऊन स्वतःच्या दाराशी गेले.

दगड निघताना झालेला आवाज आम्ही तिघांनी ऐकला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. दोन गड्यांच्या मदतीनं भाऊजींनी तो आडवा टाकला, वर जॅक ठेवला आणि दांडा स्वतः धरला. हाकही तिथूनच दिली. "हं... घ्या!"

मी पेला पुन्हा काठोकाठ भरला, भेगेवर नवी पट्टी लावली. ती फाटली नाही. दुपार कलेपर्यंत घर कमरेएवढं वर आलं. कपातला चहा केव्हाच गार झाला होता, तरी हे तो पीत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

खांब बांधताना गवंड्यानं विचारलं, "हा दगड काढू का?"

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "बसलाय तो. आता हलवू नकोस." मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "खारफुटी लावायला ये म्हणावं लागेल का तुला?"

"नाही," हे म्हणाले. "येईन."

जॅक सोडून त्यांच्यात झालेलं ते पहिलं बोलणं.

सासूबाईंना घेऊन आम्ही टेम्पोनं टेकडीवर गेलो. नवं घर लख्ख होतं, दाराशी कोरं सिमेंट. जाऊबाईंनी टेम्पोत डोकावून पाहिलं.

"अहो, उंबरा कुठाय?"

"तो कामाला लागलाय," भाऊजी म्हणाले.

जाऊबाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या, मग भाऊजींकडे. सासूबाईंनी माझा हात सोडून भाऊजींचा धरला. दारात काहीच नव्हतं, सपाट सिमेंट होतं. तरी त्यांनी सवयीनं पाय उंच उचलला आणि आत गेल्या.