दुसऱ्या रकान्यातलं नाव

नाना गेले तरी ऑफिसात हिस्ट्री नानांच्याच पद्धतीने दिसायची. कोडमधला प्रत्येक बदल प्रोग्राम नोंदवून ठेवतो, आणि त्या नोंदी पडद्यावर कशा दिसाव्यात हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. नानांनी ते सगळ्यांसाठी एकदाच ठरवून टाकलं होतं. एका ओळीत तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि काय केलं ते. बस्स. बाकीचा पसारा त्यांना खपायचा नाही. "ज्याने लिहिलं त्याचं नाव दिसलं म्हणजे झालं," म्हणायचे, आणि नवीन माणूस आला की त्याच्या खुर्चीत स्वतः बसून ती कमांड घालून द्यायचे. नाही म्हणायची कुणाची बिशाद होती?

त्यातलीच एक ओळ आता, मेल्यावर, नानांच्या मुळावर आली होती.

हे ऑफिस हॉस्पिटलांसाठी खाटेजवळच्या घंटेचं सॉफ्टवेअर बनवायचं. एका हॉस्पिटलात दोन घंटा एकदम दाबल्या गेल्या आणि एकच वाजली. जिची वाजली नाही ती म्हातारी वाट बघबघून स्वतःच उठली, पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. शोधाशोध केली तेव्हा चूक सापडली दोन वर्षांपूर्वीच्या एका बदलात, आणि त्यापुढे नाव होतं नानांचं. झालं. गेलेला माणूस काही उलटून बोलत नाही, त्याच्या माथी खापर फोडायला कितीसा वेळ लागतो? दुपारी हॉस्पिटलची माणसं यायची होती. पडद्यावर ती ओळ दाखवायची आणि विषय मिटवायचा, असं साहेबांनी ठरवून टाकलं.

नानांची मुलगी त्याच ऑफिसात होती. चांगली पस्तिशीची इंजिनिअर, पण लहानपणी बापाचं बोट धरून इथे यायची म्हणून सगळे अजून तिला बेबीच म्हणत. सकाळपासून तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. दोनदा तपासल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ न देणारा आपला बाप एवढी ढोबळ चूक करेल, हे काही केल्या तिला पटेना. बापाचं नाव असं जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

प्रोग्राम दर नोंदीला दोन नावं ठेवतो: एक लिहिणाऱ्याचं, दुसरं नोंद करणाऱ्याचं. पहिलं हवं तर हाताने घालता येतं. दुसरं ज्याच्या कॉम्प्युटरवरून नोंद होते त्याचं आपसूक उमटतं. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, म्हणून नानांनी दुसरं कधी दाखवलंच नव्हतं. बेबीने त्यांच्या कमांडमध्ये नावाचा आणखी एक रकाना वाढवला आणि एंटर दाबलं.

दुसऱ्या रकान्यात काकांचं नाव होतं.

काका म्हणजे नानांचे जिवलग, शेजारच्या टेबलावर उभा जन्म काढलेले. बाबा सुटले, हेच बेबीच्या मनात आधी आलं. मग तिने ओळी मागेपुढे सरकवल्या. शेवटच्या वर्षभरातल्या नानांच्या प्रत्येक ओळीपुढे काकांचंच नाव होतं. याच वर्षाच्या कामाचं नाना रिटायर होताना सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं, आणि आई ते अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

तिने लॅपटॉप नेऊन काकांपुढे ठेवला. काकांनी चष्मा चढवला, बघितलं, आणि काढून ठेवला.

"हे दिसतं होय," ते म्हणाले. "मी विसरूनच गेलो होतो. इतकी वर्षं त्याच्याच पद्धतीने बघतोय ना."

"बाबांना काय झालं होतं, काका?"

"विसरायला लागला होता. सकाळचं दुपारी आठवायचं नाही."

"आम्हाला वाटायचं, दमतात."

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्याला. चुकलो म्हण, आळशी म्हण, पण डोकं गेलं असं कुणाला म्हणू देऊ नकोस, म्हणाला. मग मी लिहायचो आणि त्याचं नाव घालायचो. तो शेजारी बसून बघायचा." काकांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "चूक माझी आहे, मी सांगतो तसं. पण मग हे सगळंच उघडं पडेल, पोरी. तू म्हणशील ते."

बेबी खुर्ची ओढून बसली. एक रकाना ठेवला तर बाप दोषी, दोन ठेवले तर बाप कामातून गेलेला. आणि तिकडे ती म्हातारी खाटेवर पडून होती, तिला तरी खरं काय ते कळायला नको?

मीटिंगमध्ये हॉस्पिटलच्या माणसांपुढे तिने दोन्ही रकाने लावले.

साहेबांनी दोन्ही नावं वाचली. "म्हणजे चूक नानांची नव्हती."

"नव्हती," बेबी म्हणाली. "आणि त्या वर्षातलं कामही त्यांचं नव्हतं. त्यांना काही आठवायचं नाही. बाबा आजारी होते."

मग काका उठून उभे राहिले.

"एक राहिलं," ते म्हणाले. "हे लिहिलं त्या दिवशी तो शेजारीच होता. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, दोघांनी एकदम दाबलं तर? मी म्हटलं, नाना, ते केलंय आपण मागेच. तर पुन्हा तेच. परत पुन्हा. सारखं तेच ते विचारायचा हो तो, मला सवय झाली होती. मी त्याचा हात धरून बाजूला केला आणि नोंद करून टाकली. त्याच्या नावाने."

हॉस्पिटलमधून आलेल्या बाई लिहून घेत होत्या, त्यांचं लिहिणं थांबलं.

"म्हणजे बाबांना दिसलं होतं," बेबी म्हणाली.