सासऱ्यांचा रेनकोट आणि गोमाश्या

आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या गोमाश्या एवढ्या दांडग्या, की त्या आल्या की माणसं बाकावरून उठून जागा देत. पण त्यांचा खरा डोळा आमच्या म्हाताऱ्या लांडगिणीवर. तिला आम्ही मावशी म्हणायचो. चावून चावून तिच्या कानांची टोकं रक्तबंबाळ झाली होती. मलम लावलं की ती पंजाने पुसून मोकळी.

"जखमा चिघळल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच चाललं तर कान कापावे लागतील. आणि या वयात तिला भूल सोसेल असं वाटत नाही."

मावशीला ती पिल्लू असल्यापासून मीच सांभाळलेलं.

दुसऱ्या दिवशी, माश्या निदान मला तरी चावू नयेत म्हणून, दिवंगत सासऱ्यांचा काळा चकचकीत रेनकोट सासूबाईंची नजर चुकवून अंगात घातला आणि भर उन्हात जाळीबाहेरचा पाचोळा काढायला गेलो. बघतो तर काय, मावशीला सोडून सगळी फौज माझ्यावर! इतक्या बसल्या, की एकदम उडाल्या तेव्हा मीही वीतभर वर उचललो गेलो. बायको हातभर म्हणते, पण तिला वाढवून सांगायची सवय आहे.

मावशी मात्र कितीतरी दिवसांनी डोळे मिटून पडली होती.

डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "त्यांना काळं, चकाकणारं, उन्हात तापलेलं आवडतं. कोट इथेच खांबाला टांगा आणि वरून डिंक फासा."

सासऱ्यांची तेवढी एकच वस्तू सासूबाईंनी जपलेली. संध्याकाळी कोट घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"न विचारता नेलात, जावईबापू, आणि वर डिंक फासायचा म्हणता?"

"मावशीचे कान जातील हो."

त्या बराच वेळ कॉलरवरून हात फिरवत राहिल्या.

"डिंक मी फासणार," शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला साधं पाकीट चिकटवता येत नाही."

पेंढा भरून कोट उभा केला. मावशीच्या कानांवर खपल्या धरल्या, मग मऊ लव आली. तेव्हापासून मी सासूबाईंना उलट उत्तर दिलेलं नाही. मनातल्या मनात देतो, तेही हात जोडून.

एका रविवारी त्या बघायला आल्या. माश्यांनी मढलेल्या कोटाकडे बघत म्हणाल्या, "जन्मभर माझं एक ऐकलं नाही यांनी. आता बघा, कसे मुकाट्याने उभे आहेत!" आणि डोळे पुसत हसल्या.

जाळीपलीकडे मावशी उन्हात घोरत होती. कानसुद्धा हलत नव्हता.