सातव्या मजल्यावरची कणसं

विजयमालाबाईंच्या तोंडी लागायचं नाही, हे दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीत गेटवरच्या गार्डपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी अनुभवानं शिकून घेतलं होतं. बाई शाळेत गेलेल्या जेमतेम दोन पावसाळे, हिंदी मोडकंतोडकं, पण भांडणात त्यांचं कधी काही अडलं नाही. सेक्रेटरीला एकदा त्यांनी ऐकवलं होतं, "भैया, तुम्हारा लिफ्ट और तुम्हारा जबान, दोनों बीच में अटकता है." तेव्हापासून तो जिन्यानं जायचा.

आता भांडण लागलं होतं कबुतरांशी. आणि घरातल्यांशीही.

त्याचं असं झालं. बाईंचं माहेर माण तालुक्यातलं, बाजरीच्या मुलखातलं. तिथं नवी बाजरी आली की आधी कणसांची एक जुडी वळचणीला टांगायची, चिमण्यांसाठी. त्यांनी चोच लावली की मग घरातल्यांची भाकरी. सासरीही त्यांनी तोच पायंडा पाडला. सासू म्हणाली होती, आमच्यात असलं काही नसतं. "आता असतं," बाई म्हणाल्या होत्या. पुढं मालक गेले, गावच्या घराला कुलूप लागलं आणि मुलगा पृथ्वीराज आईला दिल्लीला घेऊन आला. कुलपाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण सकाळी जाग आली की कान आपोआप वर लागायचे, पत्र्याखालच्या त्या कलकलाटाकडे. वर असायचा पंखा. आणि त्याच्या वर आठवा मजला.

म्हणून दिवाळीच्या आधी भाचा भाऊसाहेब सुट्टीवरून परतताना फौजी ट्रंकेतून बाजरीच्या कणसांची जुडी घेऊन आला, तेव्हा बाईंनी ती छातीशी धरली, हुंगली आणि बाल्कनीतल्या कपड्यांच्या तारेला बांधली. चिमण्या काही आल्या नाहीत. आली ती कबुतरं.

"मेली जावयाची जात! आली की उठायचं नाव नाही," असं म्हणत बाई झाडू घेऊन त्यांना हाकलायच्या. ती पलीकडच्या कठड्यावर जाऊन बसायची आणि बाई आत वळल्या की परत हजर. एसीच्या मशीनमागे त्यांनी संसारच थाटला. रोज पहाटे घर जागं व्हायच्या आत बाई बाल्कनी खराट्यानं खरडून काढायच्या. वाळलेली घाण, पिसं, दाण्यांची फोलपटं, सगळं लख्ख. आपल्या हातच्या झाडलोटीचा त्यांना भारी तोरा होता. बाल्कनीला लागून नात सोनमची खोली. तिची खिडकी त्या थोडी उघडी ठेवायच्या. लेकराला हवा नको?

पृथ्वीराज एकदा भीत भीत म्हणाला, "आई, सगळ्यांनी जाळी लावलीय. आपणही लावू या का? ही कणसं तेवढी..."

"ज्या दिवशी ती कणसं उतरतील ना, त्या दिवशी माझं गावचं तिकीट काढा," बाई कडाडल्या. पृथ्वीराज मंत्रालयात मोठ्या मोठ्या साहेबांसमोर बोलायचा, पण आईसमोर त्याची फाईल कधी पुढे सरकली नाही.

जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सोनमनं मात्र मान वर करून आजीकडे पाहिलं होतं.

सोनम नववीत. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलायची पण मध्येच धाप लागल्यासारखी हिंदीत शिरायची. त्या हिवाळ्यात धाप खरीच लागायला लागली. आधी खोकला, मग जिना चढताना थांबणं, मग शाळेतलं बास्केटबॉल बंद. सगळ्यांनी हवेच्या नावानं बोटं मोडली. बाहेर धुरकं होतंच. मास्क आणले, घरात हवा साफ करायचं मशीन आणलं. ते मशीन रात्रभर घरघरायचं आणि पलीकडे सोनम खोकायची. बाई अंथरुणात उठून बसायच्या, हळद-दूध करून द्यायच्या आणि दिल्लीला शिव्या घालायच्या.

अशातच शाळेनं मुलांना लिहायला सांगितलं: आपल्या आसपासचे पशुपक्षी आणि आपलं आरोग्य, तुम्हाला काय वाटतं? निवडक मुलांनी ते सगळ्या शाळेसमोर वाचायचं होतं. सोनमनं लिहिलेलं आजीला मराठीत करून ऐकवलं. गिधाडं कमी झाली, यमुनेवर फेस येतो, बिबटे वस्तीत शिरतात.

"छान आहे. पण हे सगळं तुझ्या त्या मोबाईलनं पाहिलंय. तू काय पाहिलंस?"

"मी काय पाहणार आजी? सातव्या मजल्यावरून? मी तर यार चिमणीसुद्धा नीट पाहिली नाहीये. गाडीतून एकदा दिसली, तीपण सिग्नल सुटला."

 बाईंनी पोरीला जवळ ओढून सांगितलं, चिमणा कसा असतो, त्याच्या गळ्याशी काळा डाग कसा असतो, वळचणीत चिमणी गवत कोंबते तेव्हा निम्मं खाली स्वयंपाकातच कसं पडतं.

"वळचण म्हणजे?"

"छपराची बाहेर आलेली कड. खाली सावली, वर घरटं."

"आपल्या बिल्डिंगला का नाहीये?"

"कारण ती बांधणाऱ्याला आजी नव्हती," बाई म्हणाल्या. पण डोळे तारेवरच्या कणसांकडे गेले. जुडी अर्धी झाली होती. एक कबुतर खाली फरशीवर दाणे टिपत होतं.

खोकला हटेना, तेव्हा सोनमची आई मयुरानं मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाईही निघाल्या. "मी नाही आले तर तो डॉक्टर काहीही सांगेल," असं कारण.

डॉक्टर वयस्कर, शांत होते. छाती तपासली, एक्स-रेचा फोटो पाहिला आणि चष्मा काढून विचारलं, "बेटा, घर में कोई पक्षी? बालकनी में कबूतर आते हैं?"

"नहीं अंकल," सोनम म्हणाली. "हमारे यहाँ नेट लगी हुई है."

मयुरानं एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

पोरगी इतक्या सफाईनं खोटं बोलली की बाईंना क्षणभर तिचं कौतुकच वाटलं. आपल्या वळणावर गेली! आणि मग त्यांनी पोरीकडे नीट पाहिलं. सोनम डॉक्टरांकडे बघत नव्हती, आजीकडे बघत होती. जेवणाच्या टेबलाशी मान वर केली होती ना, अगदी तशी. तिकिटाचं ते बोलणं. रागात फेकलेलं एक वाक्य पोरीनं उचलून उशाखाली ठेवलं होतं आणि त्यावर ती रोज खोकत झोपत होती.

डॉक्टर कागदावर लिहायला लागले.

"रुको," बाई म्हणाल्या. "डाक्टरसाब, झूठ बोलती है. जाली-वाली कुछ नहीं. कबूतर है. बहुत है. मेरे वजह से है. मैं दाना टांगती, और सुबह-सुबह झाड़ू मारती."

"सूखा झाड़ू?"

"सूखा. एकदम साफ करती मैं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, बाईंना निदान उलट बोलता आलं असतं. पण ते समजावून सांगायला लागले. ही घाण वाळते, तिची बारीक धूळ होते, झाडलं की उडते, श्वासातून आत जाते. काही मुलांची छाती ती सहन करू शकत नाही. अजून तपासण्या करू, पण आधी ते थांबवा.

 परतीच्या वाटेवर टॅक्सीत सोनमनं आजीचा पदर धरला. "आजी, तू जाणार आता?"

"कुठं जाणार? कुलूप गंजलंय. आणि सगळ्या दुनियेसमोर आजीसाठी खोटं बोलतेस, तुला वळण कोण लावणार? तुझा बाप?"

मयुरा खिडकीकडे तोंड करून हसली, आणि तिनं डोळेही पुसले.

घरी आल्यावर बाईंनी पोरीला मयुराबरोबर शेजारी पाठवलं. नाकाला ओला पंचा बांधला, फरशीवर पाणी ओतून सगळी घाण भिजवली, पुसून काढली. कणसं तारेवरून स्वतःच्या हातांनी सोडली. पृथ्वीराज ऑफिसातून लवकर आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "आई, मी करतो."

"लांब हो. बांधली मी, सोडणार मी."

"आणि तिकीट?" त्यानं विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण भीतीही होती.

"काढ. कॅन्टोन्मेंटचं."

दुसऱ्या दिवशी उरलेली जुडी भाऊसाहेबाच्या क्वार्टरवर गेली. त्याची बायको राधा हौसेनं म्हणाली, "आत्या, इथं शेडला पत्रा आहे. छान वळचण आहे बघा, अगदी गावासारखी." बाईंनी त्या पत्र्याच्या कडेखाली हात फिरवला. पत्रा उन्हानं तापला होता, त्याला तोच वास होता. पण शेडपासून हातभर अंतरावर राधाच्या लेकराची खिडकी होती.

"इथं नको," त्या म्हणाल्या. "लांब बांध. त्या बाभळीला."

"कीकर म्हणतात इथं."

"म्हणू देत. बाभूळच ती."

द्वारकेच्या बाल्कनीला जाळी लागली. खोकला काही एका रात्रीत गेला नाही, औषधं चालू होती. पण हळूहळू सोनम झोपेत शांत राहू लागली आणि बाई पहाटे नुसत्याच उठून बसू लागल्या. हाताला काम नाही, कानाला आवाज नाही. समोर आभाळ, जाळीनं चौकोन चौकोन केलेलं.

सोनमनं गिधाडं आणि यमुना खोडून नव्यानं लिहायला घेतलं होतं. खिडकीतून काय दिसतं ते. शेवट मात्र तिला जमत नव्हता.

अशाच एका सकाळी राधाचा फोन आला. "आत्या, लवकर! आली बघा! ऐका."

बाईंनी फोन कानाला घट्ट लावला. सोनम धावत येऊन गालाला गाल लावून बसली. आधी फौजी ट्रकचा आवाज. मग लांब कुठंतरी मोर ओरडला. आणि मग जवळ, अगदी जवळ, एक गोड लकेर.

"चिमणी?" सोनमनं कुजबुजत विचारलं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "बुलबुल आहे. चिमणी कसली गातेय बाई, ती भांडते."

"तुझ्यासारखी?"

"माझ्यासारखी."

सोनमनं पेन उचललं.

"ठेवू का आत्या?" पलीकडून राधानं विचारलं. "झाडाकडे धरून धरून हात अवघडला."

"दुसऱ्या हातात घे," बाई म्हणाल्या. "पण ठेवू नकोस. येईल एखादी."